सातांपैकी एकालाच फुल पँट : अहमद कथराडा

अक्षरवेल

गेल्या वर्षी लेकीकडे केप टाऊनला दोन महिने राहून आले. ती म्हणाली, "आई, टेबल माउंटन कुठे पळून जात नाही, आधी रॉबेन बेट बघून ये." बंदरातून बोट सुटते आणि पाऊण तासात बेट येतं. तुरुंगाच्या आत फिरवणारे वाटाडे स्वतः तिथले जुने राजकैदी असतात. आमच्या वाटाड्याने मंडेलांची कोठडी दाखवली, सगळ्यांनी फोटो काढले. मग त्याने आम्हाला एका फलकासमोर उभं केलं. कैद्यांच्या जेवणाचा तक्ता होता तो. एक रकाना मिश्रवर्णीय आणि आशियाई कैद्यांचा, दुसरा आफ्रिकनांचा. जॅमच्या ओळीत पहिल्या रकान्यात एक औंस, दुसऱ्यात काही नाही.

मी ३१ वर्षं शाळेत इतिहास शिकवला. वर्णभेद म्हणजे गोरे वर आणि काळे खाली, एवढंच मुलांना सांगत आले. मधल्या पायरीवर आपली माणसं उभी होती आणि त्या पायरीचा हिशोब औंसात ठेवलेला होता, हे त्या फलकासमोर पहिल्यांदा नीट कळलं. परत आल्यावर, मंडेलांबरोबर तिथे कैदेत असलेल्या भारतीय वंशाच्या अहमद कथराडांबद्दल मिळेल ते वाचत सुटले. त्यांच्याविषयी मराठीत फारसं लिहिलेलं दिसलं नाही, म्हणून हा धागा.

१२ जून १९६४ ला रिव्होनिया खटल्यात, वर्णभेदी सरकारविरुद्ध घातपाताच्या आरोपावरून, आठ जणांना जन्मठेप झाली. त्यातले डेनिस गोल्डबर्ग गोरे, म्हणून त्यांना प्रिटोरियाच्या गोऱ्यांच्या तुरुंगात ठेवलं. कैद्यांची रवानगीसुद्धा कातडीच्या रंगाप्रमाणे व्हायची. उरलेल्या सात जणांना रातोरात विमानाने रॉबेन बेटावर आणलं. जून म्हणजे तिकडचा हिवाळा, त्यात समुद्राचा वारा. कपडे वाटले गेले. नेल्सन मंडेला ४५ वर्षांचे, वॉल्टर सिसुलू ५२ चे, गोवन एम्बेकी त्यांच्याहून मोठे. त्या सगळ्यांना अर्ध्या चड्ड्या. कारण आफ्रिकन माणूस कितीही वयाचा झाला तरी सरकारच्या लेखी 'बॉय', आणि बॉयने अर्धी चड्डी घालायची. कथराडा ३४ वर्षांचे, सातांत सगळ्यांत धाकटे. त्यांना मात्र फुल पँट मिळाली, कारण ते भारतीय. पायमोजेही एकट्या त्यांनाच मिळाले.

मी त्या अंगणात उभी होते. सिमेंटची जमीन आणि चारी बाजूंनी उंच भिंत. बापाच्या वयाची माणसं उघड्या गुडघ्यांनी थंडीत उभी आहेत आणि आपल्या पायात मोजे आहेत, तेव्हा माणसाने काय करायचं? कथराडांना तो पोशाख नाकारायचा होता. मंडेलांनी त्यांना समजावलं की हातात आलेलं सोडायचं नाही, सगळ्यांना ते मिळावं म्हणून भांडायचं. आणि ते भांडत राहिले. पुढे एक दिवस मंडेलांच्या कोठडीत एक जुनी खाकी पँट टाकून गेले. मंडेलांनी आधी चौकशी केली की बाकीच्यांना मिळाली का. नाही म्हटल्यावर त्यांनी ती परत न्यायला सांगितली.

कथराडा २६ वर्षं आणि तीन महिने कैदेत होते. कैदी क्रमांक ४६८/६४. मंडेलांचा ४६६/६४ जगाला पाठ आहे, हा कुणाला ठाऊक नसतो.

---

रानजाई

ताई, वाचताना अंगावर काटा आला. नाव ऐकलं होतं, पण मंडेलांचे एक सहकारी यापलीकडे काही माहीत नव्हतं. ते मूळचे कुठले? या सगळ्यात कसे आले? सविस्तर लिहा, लांबलं तरी चालेल.

आणि एक विचारायचं आहे. त्या तक्त्यात पाव होता का? तो सगळ्यांना मिळायचा?

---

अक्षरवेल

रानजाई, पावाचं नंतर सांगते, ती गोष्ट मोठी आहे.

आईवडील सुरतेजवळच्या लाजपूरचे. वडिलांनी ट्रान्सवालच्या पश्चिमेला श्वायझर-रेनेके नावाच्या छोट्या गावात दुकान टाकलं. तिथे २१ ऑगस्ट १९२९ ला अहमदचा जन्म झाला. गावात एक शाळा गोऱ्या मुलांची, एक आफ्रिकन मुलांची, आणि भारतीय मुलासाठी कुठलीच नाही. दुकानासमोर खेळणारे मित्र शाळेत जायचे आणि हा दारात उभा. आफ्रिकन शाळेच्या मुख्याध्यापकांनी त्याला सुरुवातीची अक्षरओळख करून दिली. आठव्या वर्षी त्याला घरापासून तीनेकशे किलोमीटर लांब जोहान्सबर्गला आत्याकडे पाठवलं. शिक्षिका म्हणून मी या वाक्याशी बराच वेळ थांबले. गावात दोन शाळा असताना आठ वर्षांच्या मुलाला शाळेसाठी आई सोडावी लागली.

जोहान्सबर्गमध्ये तो तिथल्या भारतीयांचे पुढारी डॉ. युसूफ दादू यांच्या प्रभावाखाली आला. बाराव्या वर्षी तरुण कम्युनिस्टांच्या संघटनेत गेला, पत्रकं वाटू लागला. १९४६ साली स्मट्स सरकारने भारतीयांनी कुठे राहायचं आणि जमीन कुठे घ्यायची हे ठरवणारा कायदा आणला, लोक त्याला 'घेट्टो कायदा' म्हणत. त्याविरुद्ध सत्याग्रह झाला आणि दोन हजारांवर लोक तुरुंगात गेले. त्यात १७ वर्षांचा अहमदही होता. शाळा सोडली ती याच सुमाराला. डर्बनच्या तुरुंगात महिना काढला.

नंतरचं सगळं आयुष्य एका पत्त्याभोवती फिरतं: १३, खोलवाड हाउस, मार्केट स्ट्रीट, जोहान्सबर्ग. हा फ्लॅट आधी इस्माईल मीर यांचा, नंतर कथराडांकडे आला. मंडेला कायदा शिकत असताना रात्री उशीर झाला की इथेच मुक्काम करायचे, कारण सोवेटोकडची शेवटची गाडी चुकलेली असायची.

१९५० चा एक प्रसंग मला फार आवडतो. १ मेच्या संपाची तयारी चालली होती. मंडेला तेव्हा आफ्रिकन नॅशनल काँग्रेसच्या युवक शाखेत होते आणि भारतीय, कम्युनिस्ट यांच्याबरोबर काम करायला त्यांचा विरोध होता. रस्त्यात कथराडांनी त्यांना गाठलं. वय जेमतेम वीस-एकवीस. म्हणाले, "तुम्ही आफ्रिकन पुढारी आहात, मी भारतीय पोरगा आहे. पण कुठल्याही आफ्रिकन वस्तीत सभा लावा, लोक माझ्या बाजूने उभे राहतील." मंडेला भडकले, त्यांनी बैठकीत तक्रार केली. इस्माईल मीर यांनी शांत केलं: तो पोरगेला आहे, तापट आहे, तुम्ही तरी तसं करू नका. संप झाला. पोलिसांच्या गोळीबारात १८ माणसं मेली. मंडेलांचा विरोध पुढे गळून पडला आणि त्या दोघांची मैत्री ६० वर्षांच्या वर टिकली. म्हातारपणी दोघं एकमेकांना 'मडाला' म्हणायचे, म्हणजे म्हातारा.

---

निळं_पाखरू

अक्षरवेलताई, जेवणाच्या तक्त्याचं वाचून बाबासाहेब आठवले नसते तरच नवल. त्यांनी ज्याला श्रेणीबद्ध विषमता म्हटलं ती हीच. सरळ दोन भाग असते तर खालचे सगळे एक झाले असते. पायऱ्या केल्या की प्रत्येकाला आपल्या खाली कुणीतरी दिसतं, आणि वरच्याशी भांडण्यापेक्षा खालच्यापासून अंतर राखणं सोपं वाटतं. दक्षिण आफ्रिकेत ते कायद्यात लिहून काढलं होतं, आपल्याकडे ते लिहायचीही गरज पडली नाही.

मंडेलांच्या आत्मचरित्रात ट्रामचा प्रसंग आहे. ते तीन भारतीय मित्रांबरोबर ट्रामने खोलवाड हाउसला निघाले होते. भारतीयांना ट्राममध्ये बसायची मुभा, आफ्रिकनांना नाही. कंडक्टर त्या तिघांना म्हणाला, तुमच्या या 'काफिर' (तिकडे आफ्रिकनांना दिली जाणारी शिवी) मित्राला चढता येणार नाही. मंडेलांशी तो बोललाच नाही. ते मित्र कंडक्टरशी भांडले, त्याने पोलिस बोलावले आणि प्रकरण कोर्टात गेलं. मला त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं काय वाटतं, तर ते तिघं "जरा तू पायी ये, आम्ही पुढे होतो" असं म्हणाले नाहीत.

माझे वडील गावात असताना सगळ्यांपेक्षा वेगळ्या कपात चहा मिळण्याच्या दिवसांतून गेले. हॉटेलात त्यांच्याबरोबर बसून, त्याच फुटक्या कपातून चहा पिणारा त्यांचा एक मित्र होता, मराठा घरातला. वडील ८० चे झाले, अजून त्याचं नाव काढतात. बाकी किती जणांनी त्यांना नंतर मदत केली, पण नाव त्याचंच निघतं. कथराडांबद्दल वाचताना तो माणूस डोळ्यांसमोर येतो.

---

बंदरवाला

नमस्कार. मी दापोलीकडचा कोकणी मुसलमान. आमच्याकडच्या कितीतरी घरांतली माणसं शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी केप टाऊनला गेली. माझ्या आजोबांचे चुलतभाऊ तिकडे गेले आणि किराणा दुकानात लागले. त्यांच्या नातवंडांना आता आमची बोली समजते, बोलता येत नाही. घरी सांदण मात्र अजून होतात.

या धाग्यावर गोपाळ कृष्ण गोखल्यांची आठवण काढायला हवी. १९१२ च्या ऑक्टोबरात गोखले दक्षिण आफ्रिकेत गेले, गिरमिट (मजुरीचा करार) संपलेल्या मजुरांवर वर्षाला तीन पौंडांचा कर होता तो हटवावा म्हणून. गांधीजी सगळीकडे त्यांच्याबरोबर. एका सभेला काही कोकणी मुसलमान आणि थोडे मराठी हिंदू आले होते. गांधीजींनी गोखल्यांना मराठीत बोलायचा आग्रह केला, म्हणाले मी हिंदीत सांगेन. गोखल्यांना हसू आवरेना. तुमचं हिंदी मला माहीत आहे, आता मराठीचा अनुवाद करणार म्हणता, ते कुठे शिकलात? पण ऐकलं त्यांनी, आणि तिथून झांझिबारपर्यंत अशा सभांत ते मराठीतच बोलले. गांधीजींनी हे स्वतः लिहून ठेवलंय. आमच्या घरच्या जुन्या माणसांपैकी कुणी त्या सभेत असेल का, हा विचार मी अनेकदा करतो. भारताच्या एवढ्या मोठ्या माणसाने परमुलखात आपल्या भाषेत भाषण केलं, तेव्हा त्या माणसांना काय वाटलं असेल!

पण खरं ते सांगायला हवं. त्या काळातला आपल्या लोकांचा लढा आपल्यापुरता होता. डर्बनच्या टपाल कचेरीला दोन दारं होती, एक गोऱ्यांचं, दुसरं आफ्रिकन आणि भारतीयांचं. १८९५ मध्ये नाताळ इंडियन काँग्रेसने खटपट केली, तेव्हा तिसरं दार मिळालं, भारतीयांसाठी वेगळं. तेव्हा तो विजय मानला गेला. गांधीजींचे विचारही पुढे बदलत गेले, पण सुरुवात ही अशी. दादू, नायकर आणि कथराडांच्या पिढीने ते तिसरं दार बंद करायचं ठरवलं, असं मला वाटतं. १९४७ मध्ये ट्रान्सवालचे दादू, नाताळचे नायकर आणि आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे ए. बी. झूमा (पुढचे राष्ट्राध्यक्ष जेकब झुमा वेगळे) या तीन डॉक्टरांनी एकत्र लढायचा करार केला. आमच्या घराण्यातले दुकानदार तेव्हा घाबरले होते. परवाने जातील, मुलांचं काय होईल. त्यांना मी दोष देत नाही. ते तिथे पोट भरायला गेले होते. पण म्हणूनच कथराडांसारख्या दुकानदाराच्या मुलाने काय सोडलं ते मला जास्त कळतं.

---

विनायक७१

लेख चांगला आहे, भावना पोहोचल्या. मात्र दोन प्रश्न प्रामाणिकपणे विचारतो. एक, ते कम्युनिस्ट होते आणि स्टॅलिनच्या काळातल्या पूर्व युरोपात राहून आले होते. दोन, रिव्होनिया खटला घातपाताचा होता. शस्त्रं उचलणाऱ्या संघटनेत ते होते. मग गांधींच्या परंपरेत त्यांना बसवायचं कसं?

---

अक्षरवेल

विनायकराव, दोन्ही प्रश्न रास्त आहेत.

ते कम्युनिस्ट होते आणि त्यांनी ते कधी लपवलं नाही. १९५१ मध्ये बर्लिनच्या युवक महोत्सवाला गेले, नंतर बुडापेस्टला जागतिक युवक संघटनेच्या कचेरीत काही महिने काम केलं. त्या राजवटींतला अन्याय तेव्हा त्यांना दिसला नाही, हे मला मान्य आहे. पण त्याच प्रवासात ते आउशविट्झला गेले. तिथल्या जमिनीवर माणसांच्या हाडांचे तुकडे अजून पडलेले होते. त्यांनी त्यातले काही उचलले आणि घरी आणले. वंशश्रेष्ठत्वाची कल्पना शेवटी कुठे जाऊन पोहोचते हे त्यांना लोकांना दाखवायचं होतं. त्यांच्या देशात तीन वर्षांपूर्वीच, १९४८ मध्ये, नॅशनल पार्टी सत्तेवर आली होती, माणसांची वंशवार नोंद करणारा कायदा होऊन वर्ष उलटलं होतं. बाविशीतला मुलगा खिशात हाडं घेऊन घरी परततो. विचारसरणीपेक्षा मला ते जास्त सांगतं.

शस्त्रांचं म्हणाल तर क्रम बघा. १९५२ ची कायदेभंगाची मोहीम. १९५५ मध्ये क्लिपटाउनच्या मैदानात स्वातंत्र्याची सनद. १९५६ मध्ये १५६ जणांवर राजद्रोहाचा खटला, तो चार वर्षांवर चालला आणि शेवटच्या तीस आरोपींसह सगळे सुटले. त्या तिसांत कथराडा होते. मध्येच २१ मार्च १९६० ला शार्पव्हिल, पोलिसांनी ६९ माणसं मारली, बहुतेकांना गोळ्या पाठीत लागल्या होत्या. मग आफ्रिकन नॅशनल काँग्रेसवरच बंदी. सनदशीर सगळी दारं लागल्यावर डिसेंबर १९६१ मध्ये उमखोन्तो वे सिझ्वे ही सशस्त्र संघटना उभी राहिली, आणि तिने लक्ष्य केले ते विजेचे खांब, सरकारी इमारती. पुढे गनिमी युद्धाची 'ऑपरेशन मायिबुये' ही योजना आली तेव्हा कथराडांना ती पटली नव्हती.

ऑक्टोबर १९६२ पासून ते नजरकैदेत होते, पुढच्या वर्षी भूमिगत झाले. केस लालसर रंगवले, पेद्रो परेरा नावाचा पोर्तुगीज झाले. ११ जुलै १९६३ ला रिव्होनियाच्या लिलीजलीफ फार्मवर कपडे धुलाईच्या गाडीतून पोलिस आले आणि तिथे होते ते सगळे सापडले.

आता माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठी गोष्ट. कथराडांविरुद्धचा पुरावा कच्चा होता. निकालानंतर वकिलांनी सांगितलं की तुम्ही अपील केलंत तर सुटण्याची शक्यता आहे. आफ्रिकन सहकाऱ्यांनी अपील करायचं नाही असं ठरवलं होतं. यांनीही केलं नाही. वय ३४. बाहेर प्रेमाचं माणूस होतं. आणि आयुष्यभराची शिक्षा समोर. तुरुंगात मोजे नाकारायचे की घ्यायचे यावर चर्चा झाली, पण त्याआधी त्यांनी सुटकेची शक्यताच बाजूला ठेवली होती. गांधींच्या परंपरेत त्यांना बसवायलाच हवं असं मी म्हणत नाही, विनायकराव. त्यांची जागा त्यांनी स्वतः केली.

---

विनायक७१

अपिलाचं माहीत नव्हतं. आभार. याचा विचार करतो.

---

जुनी_वही

आम्ही सत्तरीपुढचे. माझा १९७० च्या दशकातला पहिला पासपोर्ट अजून कपाटात आहे. कुठल्या देशांत चालेल त्या पानावर दक्षिण आफ्रिका वगळल्याचं छापलेलं. १९४६ मध्ये आपण अजून स्वतंत्रही नव्हतो, तरी भारताने दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला आणि प्रश्न संयुक्त राष्ट्रसंघात नेला, विजयालक्ष्मी पंडितांनी तो मांडला. १९७४ मध्ये डेव्हिस कपची अंतिम फेरी दक्षिण आफ्रिकेविरुद्ध होती, आपण खेळलो नाही, चषक त्यांना बहाल झाला. अमृतराज बंधूंना तो पुन्हा जिंकायची संधी १९८७ ला आली, तेव्हाही हरले. मला त्या वेळी वाईट वाटलं होतं. आज वाटत नाही.

आणि १० नोव्हेंबर १९९१, ईडन गार्डन्स. दक्षिण आफ्रिकेचा परत आल्यानंतरचा पहिला सामना. आमच्या दादरच्या शिवाजी पार्कात घडलेल्या प्रवीण आमरेने पदार्पणात ५५ केल्या. वर्षभराने डर्बनला पहिल्याच कसोटीत शतक. त्या डर्बनच्याच तुरुंगात कथराडा १७ व्या वर्षी होते हे आज इथे वाचलं. तेव्हा आम्ही फक्त धावा मोजल्या.

---

रानजाई

ताई, "बाहेर प्रेमाचं माणूस होतं" असं लिहिलंत आणि पुढे गेलात. सांगा ना. तुरुंगात दिवस कसे काढले तेही.

---

अक्षरवेल

सिल्व्हिया नीम. गोरी कार्यकर्ती. कायद्याने त्यांचं प्रेम हाच गुन्हा होता, गोऱ्या आणि बिगरगोऱ्या माणसांनी एकमेकांशी प्रेमसंबंध ठेवायला बंदी. तिलाही तुरुंगवास झाला. ते नातं काळाने संपलं. सुटल्यानंतर त्यांची साथ झाली ती बार्बरा होगन यांच्याशी. त्याही गोऱ्या, राजद्रोहासाठी शिक्षा झालेल्या त्या देशातल्या पहिल्या स्त्री, दहा वर्षांची सजा. दोघांना मूल झालं नाही.

बेटावर सुरुवातीला सहा महिन्यांना एक पत्र, ५०० शब्दांचं. सहा महिन्यांना एक भेट, अर्ध्या तासाची, मध्ये काच. वर्षानुवर्षं चुनखडीच्या खाणीत काम. पांढऱ्या दगडावरून येणाऱ्या उन्हाने मंडेलांचे डोळे कायमचे अधू झाले. पण सगळ्यांत जास्त काय सोसवलं नाही, असं विचारलं की कथराडा सांगायचे: लहान मुलं. वीस वर्षं त्यांनी एकही लहान मूल जवळून पाहिलं नाही. मार नाही, खाण नाही, थंडी नाही. हे वाचलं तेव्हा मी नातवाला उचलून घेतलं.

त्यांनी तिथे बसून दक्षिण आफ्रिका विद्यापीठाच्या चार पदव्या मिळवल्या, इतिहास, गुन्हेशास्त्र, ग्रंथालयशास्त्र, आफ्रिकी राजकारण. वाचलेल्यातलं आवडलेलं वह्यांत उतरवून ठेवायचे. १९७६ मध्ये मंडेलांचं आत्मचरित्र गुपचूप लिहिलं गेलं, तेव्हा मंडेला रात्री लिहायचे, पानं कथराडा आणि सिसुलूंकडे जायची, ते समासात सूचना लिहायचे, आणि मॅक महाराज व लालू चिबा हे भारतीय वंशाचे सोबतचे कैदी अगदी बारीक अक्षरात त्याची नक्कल करायचे. महाराज सुटले तेव्हा ती नक्कल बाहेर गेली. मूळ कागद डब्यांत घालून अंगणात पुरले होते. भिंत बांधायला खणलं आणि काही सापडले. समासात कथराडांचं अक्षर. मंडेला, सिसुलू आणि कथराडा तिघांचाही शिकण्याचा हक्क चार वर्षं काढून घेतला. शिकण्याचा! शिक्षा म्हणून हेच सुचलं, यातच तुरुंगाला कशाची भीती होती ते कळतं.

---

बंदरवाला

शेवटच्या दिवसांबद्दल मी लिहितो, केप टाऊनच्या नातलगांकडून बरंच ऐकलंय.

१९९४ ते ९९ ते खासदार होते, राष्ट्राध्यक्ष मंडेलांचे संसदीय सल्लागार. नंतर पद नको म्हणाले. रॉबेन बेटाच्या संग्रहालयाचं काम पाहिलं. मोठमोठ्या पाहुण्यांना स्वतः बेटावर फिरवायचे, २०१३ मध्ये ओबामा कुटुंबालाही. हे बेट आमच्या हालअपेष्टांचं स्मारक होऊ नये, माणसाच्या जिद्दीच्या विजयाचं व्हावं, असं ते म्हणत.

मंडेला गेले तेव्हा मंडेलांच्या गावी, कुनूला, कथराडांनी केलेलं भाषण मी थेट पाहिलं. ८४ वर्षांचा माणूस, आवाज कापत होता. वॉल्टर गेले तेव्हा वडील गेले, आता भाऊ गेला, आता कुणाकडे बघू, असं म्हणाले. आमच्या घरात सगळे रडलो.

आणि २०१६ मध्ये त्यांनी ते पत्र लिहिलं. राष्ट्राध्यक्ष जेकब झुमा, स्वतःच्याच पक्षाचे, स्वतःही रॉबेन बेटावर दहा वर्षं काढलेले. सरकारी पैसा त्यांच्या खासगी घरावर खर्च झाला आणि देशाच्या घटना न्यायालयाने त्यांना राज्यघटना पाळली नाही म्हणून दोषी धरलं. कथराडांनी जाहीर पत्र लिहून त्यांना पायउतार व्हायला सांगितलं. आयुष्यभर पक्षाची शिस्त पाळलेल्या माणसाला हे लिहिताना किती जड गेलं ते त्या पत्रातच दिसतं. उत्तर आलं नाही. २८ मार्च २०१७ ला कथराडा वारले. दुसऱ्या दिवशी जोहान्सबर्गला मुसलमानी रीतीने दफन झालं. कुटुंबाच्या इच्छेप्रमाणे झुमा तिथे नव्हते. माजी राष्ट्राध्यक्ष मोटलांथे बोलायला उभे राहिले आणि त्यांनी तेच पत्र वाचून दाखवलं. लोक उठून टाळ्या वाजवत राहिले.

---

निळं_पाखरू

हे पत्र शोधून वाचलं. वडिलांना मराठी करून सांगितलं. ते ऐकून म्हणाले, "आपल्या माणसाला सांगायला जास्त छाती लागते." मग बराच वेळ गप्प होते.

---

रानजाई

ताई, पावाचं राहिलं.

---

अक्षरवेल

हो, ते कसं विसरेन.

रात्रीच्या जेवणात भारतीय आणि मिश्रवर्णीय कैद्यांना पाव लोफ मिळायचा, चौथा हिस्सा. तिथे त्याला 'कॅटकॉप' म्हणत, मांजराचं डोकं, त्या आकारावरून. वर मार्गारिनचा तुकडा. आफ्रिकनांना पाव नाही, कारण पाव हे युरोपीय खाणं, त्यांना ते आवडत नसणार असं सरकारने ठरवून टाकलेलं. सकाळच्या मक्याच्या पेजेत साखरही भारतीयांना एक चमचा जास्त.

कैद्यांनी हा पाव आपसांत वाटून खाल्ला. वर्षानुवर्षं. कथराडांच्या वाटणीचा चौथा हिस्सा, चिबांचा, मॅक महाराजांचा, सगळ्यांचा मिळून एकत्र आणि मग सगळ्यांना. तक्त्यावर दोन रकाने होते, पण पंगत एक होती.

१९७९ मध्ये एक दिवस ध्वनिक्षेपकावर जाहीर झालं की यापुढे आफ्रिकन, मिश्रवर्णीय आणि भारतीय कैद्यांचं जेवण एकसारखं असेल. पंधरा वर्षांनी! साखर सारखी कशी केली माहीत आहे? भारतीयांच्या वाट्यातून अर्धा चमचा काढला आणि आफ्रिकनांच्या वाट्यात अर्धा चमचा घातला. सगळ्यांना दीड चमचा.

१५ ऑक्टोबर १९८९ ला कथराडा सुटले. काही दिवस आधी तुरुंगाच्या अधिकाऱ्याने येऊन सांगितलं होतं, तुमच्या सुटकेचा फॅक्स आलाय. त्यांनी विचारलं, फॅक्स म्हणजे काय? जोहान्सबर्गजवळच्या लेनेशियात भावाच्या घरी पोहोचले. घरात लहान मुलं होती.